बडबडी

कडक भाकऱ्या थापून विकणाऱ्या निंगव्वाच्या घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि तिची लेक राजेश्वरी दोन्हीकडं गप्प. बारावीनंतर पोरीनं कर्णबधिर मुलांना शिकवायचा कोर्स निवडला, तेव्हा निंगव्वा कडाडलीच होती, "बोलायचा कंटाळा म्हणून हे शिकायचं व्हय गं?" राजेश्वरीनं उत्तर दिलं नाही आणि हट्टही सोडला नाही.

आज निंगव्वा भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन पहिल्यांदाच लेकीच्या शाळेत आली आणि वर्गाच्या दारातच थबकली. फळ्यापुढं राजेश्वरी हातांनी, भुवयांनी, अख्ख्या अंगानं गोष्ट सांगत होती. मुलं हसून हसून लोळत होती. एवढं बोलणं ह्या पोरीत होतं कुठं?

आई आलेली दिसताच राजेश्वरीनं खुणेनं तिची ओळख करून दिली. मुलांनी आपसांत खुणांनी जरा भांडून घेतलं आणि मग सगळ्यांनी भाकरी थापल्यासारखे तळहात थापले.

"हितं प्रत्येकाला खुणेचं नाव देत्यात, अव्वा. हे तुझं."

निंगव्वानं आपलेच तळहात उलटसुलट करून पाहिले. "आणि तुला काय म्हणत्यात?"

राजेश्वरी लाजली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं बोटं ओठांपाशी नेली आणि चिमणीच्या चोचीसारखी भराभर उघडमीट केली.

ती खूण निंगव्वाला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.