चौगुले सरांची खुर्ची जतला आली

फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. चौगुले सर गेले, एवढंच पलीकडून कळलं. मी पोरांना सोडलं नाही. तास अर्धवट टाकलेला सरांना खपला नसता... मग मात्र स्टाफरूममध्ये येऊन पोटभर रडले. त्याला आता महिना होत आला.

आमच्या सरकारी कॉलेजच्या तीन शाखा. मुख्य इमारत माधवनगरला, ऐसपैस दगडी, दुसरी म्हसवडला, आणि तिसरी आमची जतची, पत्र्याच्या छपराची, उन्हाळ्यात आत भाकरी भाजून निघावी अशी. मी पहिल्या वर्षाला असतानाच कानावर आलं की जतचे वर्ग माधवनगरला हलवणार. कारण काय, तर इकडे शिकवायला यायला कुणी तयार नाही. माझे वडील मेंढरं राखायचे. त्यांनी एका दमात विषय मिटवला, "हितलं कॉलेज बंद झालं की पोरगी घरी. तिकडं न्हाई धाडायची."

सर तेव्हा नुकतेच तिन्ही शाखांचे प्राचार्य झाले होते, बसायचे माधवनगरला. ते कुणाशी भांडले नाहीत. एका सकाळी कॉलेजच्या जीपमध्ये स्वतःची खुर्ची टाकून ते जतला उतरले आणि पत्र्याखाली टेबल मांडून कामाला बसले. वडील मुद्दाम बघायला आले. म्हणाले, "आवं सर, बसताय खरं, पर किती दिस?"

"तुमची लेक पदवी घेईस्तोवर तरी हलत न्हाई," सर म्हणाले.

खरी गंमत पुढेच. रजा असो की बढती, सही प्राचार्यांची लागणार, आणि प्राचार्य जतला! माधवनगरचे प्राध्यापक एसटीतून धूळ खात, करवादत यायचे. सर त्यांना आधी पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "सही करतो की. तोवर एक तास घ्या." इंग्रजीचे एक सर "मी फक्त सहीला आलोय" म्हणून फुगून बसले. सर शांतपणे फायली चाळत राहिले. सूर्यास्ताआधी जेवायचा सरांचा नेम, त्यामुळे डबा लवकर उघडला, पाहुण्यालाही वाढला, पण सही काही होईना. आम्हीही वर्गात चिवटपणे बसून. शेवटी गृहस्थ उठले आणि असं सुरेख शिकवलं, की पुढल्या आठवड्यात न बोलावता आले. वरचे साहेब पाहणीला आले, तर वर्ग भरलेले आणि शिकवणारे हजर. हलवायला कारणच उरलं नाही.

मी पदवी घेतली तेव्हा वडील पेढे घेऊन गेले. "सर, शब्द पाळलासा. आता जावा माघारी."

"धाकटी हाय की अजून तुमची," सर हसून म्हणाले. निवृत्त होईपर्यंत ते जतलाच बसले. पक्की इमारत झाली, तर तिच्यातली प्राचार्यांची खोली मुलींना वाचायला दिली आणि आपली खुर्ची व्हरांड्यात ठेवली. मी शिकले ती त्या माणसामुळे. माझ्यामागून धाकटी शिकली, तीही त्यांच्यामुळेच.

आज या शाखेची प्रमुख मी आहे. खुर्ची अजून व्हरांड्यातच असते. सर चांगले उंच. तिच्यात बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. परवा माधवनगरहून एक तरुण प्राध्यापक परीक्षेच्या कामाला सही घ्यायला आले, फार घाईत. मी पेन उघडलं... आणि टोपण परत लावलं.

"करते की. तोवर एक तास घ्या."

ते गोंधळले. मग इकडेतिकडे बघत त्यांनी खडू मागितला. मी खुर्ची वर्गाच्या दाराशी ओढली आणि ऐकत बसले.