पांढुर्ण्याच्या वाटेची तयारी

सायकलचं टायर अंगठ्यानं दाबायचं, कपाळाला आठी घालायची आणि म्हणायचं, "याचा काई भरोसा नाई गा." आमच्या शेजारच्या भाऊंची सकाळ अशी उजाडायची.

मिलमध्ये ते कापड तपासायच्या खात्यात होते. दिवसभर कापड उजेडासमोर धरून खोट शोधायची, आणि घरी आले की तीच नजर दूधवाल्यावर, आभाळावर, आमच्यावर. कोणी दिलेला चहा जरा गोड लागला तरी त्यांना वाटायचं, याचं आपल्याकडे काहीतरी काम आहे.

एकोणीसशे सत्तर-बहात्तरच्या सुमारास त्यांनी लांबच्या सायकल प्रवासाची तयारी काढली. नव्या ट्यूबा, जादा स्पोक, दांडीला पाण्याची छागल. सुट्टीच्या दिवशी आधी कन्हानपर्यंत सराव, मग पार रामटेकपर्यंत. जायचं कुठं, ते मात्र सांगेनात. पन्नाशीचा विधुर एवढी तयारी करतो आणि ठिकाण लपवतो म्हटल्यावर तुम्ही तरी काय समजला असता? कोणी म्हणे, रामटेककडे बाई आहे. कोणी म्हणे, आता हा जोगी होणार. मीही त्यांच्या मागावर होतोच.

शेवटी चेनला तेल देता देता त्यांनीच सांगितलं. लेक पांढुर्ण्याच्या पुढच्या खेड्यात दिली होती. ती सुखात आहे असं सगळे सांगायचे आणि म्हणूनच त्यांना ते पटत नव्हतं. त्या वाटेवरच्या बसचा कंडक्टर जावयाचा सख्खा भाऊ.

"बसनं गेलो का खबर माह्या पयले पोचते. पोरगी नवं लुगडं नेसून उभी राह्यते, अन् सासू मधात बसते. एकदा न सांगता जाऊन पाहाचं आहे."

पावसाळा सरला, रस्ते वाळले. सायकल नवरदेवासारखी सजून उभी, पण भाऊ हलेनात. कधी ब्रेकवर संशय, कधी सीटवर. मी विचारलं, काहून थांबले?

"सायकलीचा धाक नाई गा मले. तिथं जे दिसन, त्याचा आहे."

"तुमी नाई पाह्यलं म्हून ते थांबते का, भाऊ?"

ते फडक्यानं हँडल पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून गेले.

आठवड्यानं भरदुपारी स्टेशनाकडून मोहल्ल्यात एक सायकलरिक्षा शिरली. आत ट्रंकेला धरून लेक बसली होती. इतकी वाळली होती की मी आधी ओळखलंच नाही. भाऊ शेजारून सायकल चालवत होते, एक हात रिक्षाच्या टपावर ठेवून.

दारादारांत माणसं उभी राहिली. चूक कोणाची, हा नवा संशय सगळ्यांच्या डोळ्यांत होता. समोरच्या काकूंनी गोड आवाजात विचारलं, माहेरपणाला आली का वं?

पोरीनं मान खाली घातली. भाऊ सायकलवरून उतरले आणि शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाई. राहाले आली."

मग त्यांनी ट्रंक उचलून खांद्यावर घेतली.