माझंच बोलणं मला वाचून दाखवलं

नर्सिंग कॉलेजच्या मॅडमनी आम्हा गोडादऱ्याच्या वस्तीतल्या तीन बायांना वर्गात बोलावलं होतं. बायांशी बोलून माहिती कशी काढायची, ते पोरींना शिकवायचं होतं. मी सातवी शिकलेली, मला वाटलं परीक्षा माझीच आहे. मांडीवर पाच महिन्यांची पोरगी आणि समोर वीसेक मुली.

त्यांच्यात भेस्तानकडची एक मुलगी होती, आपलीच मराठी. तिनं विचारलं, "ताई, बाळाला काय काय देता?"

मी एका दमात सांगून टाकलं, फक्त अंगावरचं, वरचं पाणीसुद्धा नाही. अंगणवाडीच्या बाई सांगतात तसंच, शब्द न शब्द. आणि खरं काय, तर दुसऱ्या महिन्यापासून मी बाटली लावलेली, म्हशीच्या दुधात पाणी घालून, कारण साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी येतं आणि पोरगी अंगाला असली की हात अडकतो. त्या बाटलीनंच तिला जुलाब झाले, दोन दिवस सलाइन लागलं. मॅडम पोरींना म्हणाल्या, "बघा, किती मोकळं बोलतात." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आठवड्यानं ती मुलगी वही घेऊन घरी आली. म्हणाली, मॅडमनी शिकवलंय, ज्यांचं लिहिलं त्यांना वाचून दाखवायचं, बरोबर का विचारायचं. सासू लसूण सोलत बसलेली. मुलीनं वाचलं, "मी पोरीला फक्त अंगावरचं पाजते."

सासू म्हणाली, "अशी बोलनी का ती? मंग ती बाटली का मी पेस?" म्हणजे, ती बाटली काय मी पिते?

मुलीनं माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ताई, हे खोडू?"

"नको," मी म्हटलं, "राहू दे. खाली लिही, खोटं सांगितलं म्हणून. बाटली लावली, त्यानं पोरगी आजारी पडली, ते पण लिही."

"मग तेव्हा तसं का सांगितलं?"

"भ्याले गं. तुम्ही सगळ्या म्हणाल, हिनंच पोरीला आजारी पाडलं. आणि पाडलंच ना मी."

तिनं तेही लिहिलं. मग पहिल्यापासून सगळं परत वाचलं, सासूसमोर, हळूहळू, आणि विचारलं, बरोबर का. मी हो म्हटलं, पण पदर तोंडाला लावून.