सुनेचं बिनमिठाचं पथ्य

डॉक्टरांनी वनिताच्या डोळ्याची पापणी खाली ओढली आणि ते म्हणाले, "कावीळ आहे. सातवा महिना ना?" वनिता माझी सून. घरातलं पहिलं बाळंतपण.

रक्ताच्या कागदावर हिपॅटायटिस लिहिलं होतं. म्हणजे यकृताला सूज. बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं रक्तातलं पित्त, फार वाढलं होतं.

"गरोदर बाईला ही कावीळ जिवावर बेतते," डॉक्टर म्हणाले. "गुंगी आली तर लगेच आणा. आणि खायला घालत राहा." हे शेवटचं मी कानाआडच केलं. जिवावर, एवढंच डोक्यात राहिलं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. त्या हिवाळ्यात भिवंडीत काविळीची साथ होती. आमचं पूर्णा तेव्हा शेतीचंच गाव. भात निघाला की त्याच ओलीवर वाल-मूग पेरायचे, शेणखतावर मेथी, मुळा. वनिता टोपली घेऊन भिवंडीतल्या नारपोलीत विकायला जायची आणि तिथलंच पाणी प्यायची. साथ पसरली तशी शहरातली माणसं भाजीला हात लावीनात. भरल्या टोपल्या परत यायच्या आणि आम्ही त्या म्हशीपुढे टाकायचो.

म्हणजे घरात खायला रग्गड होतं. पण आमच्याकडे कावीळ म्हटली की पथ्य. मीठ नाही, तेल नाही, हळद नाही, डाळ तर नाहीच. गावातल्या जाणत्या बाईने नुसती पेज सांगितली. मी मुळात हट्टी, भीतीने आणखी हट्टी झाले.

मुलगा कापडाच्या लूमवरची ड्युटी करून आला की म्हणायचा, "आये, जरा मूग तरी दे तिला." मी त्यालाच झापायची, "तुला बायको जिती हवी हाय का न्हाय?"

वनिता मिठाचा एक खडा मागायची. मी पेज आणखी पातळ करायची. पातळ म्हणजे पचायला हलकी, असं आपलं माझं शहाणपण.

नवव्या दिवशी सकाळी हाक मारली तर ओ देईना. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेली. मी बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडलं की उठून उभी राहायची. देवाचं नावसुद्धा आठवेना.

शेवटी तिथले डॉक्टर आले. "रक्तातली साखर पार खाली गेली होती. ग्लुकोज चढवलंय, डोळे उघडलेत. घरी काय खात होती?"

मी मान वर करून सांगितलं, "नुसती पेज. मीठ, तेल शिवू दिलं न्हाय."

"घरात पिकतं काय?"

"भात हाय, वाल, मूग, भाजी. कोंबड्या हायत."

डॉक्टर हळूच म्हणाले, "आजी, कावीळ झालीच होती. तुम्ही वर उपाशी ठेवलंत."

पुढे ती वाचली, बाळही वाचलं. त्या डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तर भीतीच्या हाती चूल देऊ नका, एवढंच सांगते.

दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी मी मुगाची मऊ खिचडी नेली, मीठ घालून. घास वनिताच्या तोंडाशी धरला. पोर नऊ दिवसांची भुकेली, तरी तोंड उघडेना. आधी घाबरून माझ्याकडे बघत राहिली, खाल्लं तर मी रागावेन की काय म्हणून.