खाली लागलेला शिरा

आठ वर्षांच्या मुलीला तेराव्याच्या जेवणातल्या गोडाचा अर्थ मी समजावून सांगितला. ती मुलगी माझी भाची शकू, आणि तेरावा तिच्याच वडिलांचा. एवढं सांगितलं की माझ्या अकलेचं माप वाचकांच्या हाती आलंच. पुढचा लेख सोनाआत्याबद्दल आहे.

गेल्या महिन्यात पहिली पाळी संपवून सायकल आत घेत होतो, तर आत्याचा मुलगा विठोबा दारातूनच म्हणाला, ‘‘आय गेली, राव. दुपारी जरा पडते म्हनली, ती उठलीच न्हाई.’’ मी सायकल भिंतीला लावली, ती घसरून पडली, पुन्हा लावली, पुन्हा पडली... आतून ‘भिंत पाड माजी!’ अशी आरोळी आली नाही, तेव्हा कुठे मला बातमी समजली.

आत्या आमची घरमालकीण. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला तसे आम्ही नगरकडचे लोक नोकरीला इकडे आलो, आणि आत्याने म्हशींचा गोठा पत्र्यांनी विभागून त्याच्या खोल्या केल्या. म्हशी बाहेर, आम्ही आत. कुणी कुरकुरलं की ती म्हणायची, ‘‘म्हशी बोलत तरी नव्हत्या.’’ एका खोलीत मी, शेजारच्या खोलीत माझी बहीण, दाजी आणि शकू. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी दाजी विषमज्वराने गेले. तेराव्याच्या पंगतीत सगळे शकूला ‘घे बाई, तोंड गोड कर’ म्हणत होते. तिने विचारलं, ‘‘का?’’ सगळे गप्प झाले. मी मॅट्रिक पास, त्यामुळे मला गप्प बसता येईना. म्हणालो, ‘‘गोड खाल्लं की दुःख संपतं. बाबा मग सुखाने पुढे निघून जातात.’’

शकूने लाडू पानात ठेवला. ‘‘मग मी नाही खाणार.’’

आणि नाहीच खाल्ला. लाडू नाही, साखर नाही, गूळ नाही, केळंसुद्धा नाही. संक्रांतीचा तिळगूळ तिने मुठीत धरून नेला आणि म्हशीच्या पुढ्यात टाकला. चेहरा उतरत चालला, पण डोळ्यांतून टिपूस नाही. जणू पोरगी दारात आडवा हात धरून उभी होती, बाबांना जाऊ द्यायचं नाही म्हणून. बहीण रात्रंदिवस धास्तावलेली. मी उपाय सुरू केले. आमटीत गुपचूप गूळ घातला. शकूने पहिल्या घासाला ओळखला आणि आमटीही सोडली. मग चिंचवडच्या बाजारातून रेवड्या आणल्या आणि तिला मोह पडावा म्हणून तिच्यासमोर बसून खाल्ल्या. मोह मलाच पडला. पुडी संपली तेव्हा शकू म्हणाली, ‘‘मामा, पाणी देऊ?’’

हे सगळं मी आत्याला मोठ्या तोंडाने सांगितलं. तिने मिश्रीचं बोट तोंडातून काढलं. ‘‘म्हंजी पोरीला वाटतंय, आपन गोड खाल्लं की बाप जानार? आन् ही अक्कल तुजी?’’

‘‘समजूत घालायला म्हणून...’’

‘‘घातलीस की. आता ती काढाया मला बोलीव.’’

आत्याचा स्वयंपाक म्हणजे, देव तिला सद्गती देवो, शत्रूवर येऊ नये असा. तिची भाकरी विठोबाच कसाबसा खायचा. तर सुट्टीच्या दिवशी ती रवा आणि गूळ घेऊन बहिणीच्या खोलीत शिरली. मला उंबऱ्यात बसवलं. ‘‘तोंड उघडलंस तर उलथनं घालीन.’’ मग चुलीवर पातेलं चढवून मोठ्याने म्हणाली, ‘‘शकूच्या बाचा शिरा करतीया.’’

दाजींना सुट्टीच्या दिवशी शिरा करायची हौस होती. शकू कोपऱ्यातून बघत राहिली. आत्याने आधी पाणी ओतलं, त्यात गूळ आणि कच्चा रवा.

‘‘बाबा आधी रवा भाजायचे.’’

‘‘न्हाई. मी बघितलंय. आधी पानी.’’

‘‘आधी रवा! तुपात!’’

‘‘तू गप. झाला बघ. अस्साच व्हायचा त्याचा.’’

‘‘असा नव्हता होत!’’

‘‘न चाखता कशी म्हनतीस?’’

शकूने तावातावाने पातेल्यात बोट घातलं आणि चाटलं. ‘‘खळ आहे ही! बाबांचा खाली लागायचा. खरवड मला द्यायचे...’’ आणि तिथेच थबकली. बोट ओठांवर तसंच. गोड लागलं होतं. तिने दाराकडे पाहिलं. तिथे मी बसलेलो, अगदी निरुपयोगी. हळूच तिने विचारलं, ‘‘आता बाबा गेले?’’

मला उलथन्याची आठवण झाली, म्हणून वाचलो. आत्या तिच्यासमोर फतकल मारून बसली.

‘‘कवाच गेलाय, पोरी. त्या लाडवाच्या आधीच गेला. तुज्या खान्यानं न्हाई गेला, आन् न खाऊन यायचा न्हाई.’’ तिने पातेल्याकडे बोट केलं. ‘‘शिरा तेवढा तुला ठावा हाय. मला काय जमंना.’’

तेव्हा शकू रडली. आत्याच्या मांडीत डोकं खुपसून, म्हशी वळून बघतील एवढ्या मोठ्याने. बहीण पुढे धावली, तर आत्याने हातानेच तिला थांबवलं. बराच वेळ... मग नाक पुसून शकूने चुलीचा ताबा घेतला. रवा भाजला, गुळाचं पाणी घातलं आणि शिरा मुद्दाम करपू दिला. साऱ्या खोल्या धुराने खोकू लागल्या. खरवड काढून ती मांडीवर घेऊन बसली आणि खाता खाता मध्येच थोडी रडायची, पुन्हा खायची. माझ्या छातीवरचा दगड त्या धुरातच उतरला. बहीणही त्या दिवशी पोटभर जेवली.

नंतर मी आत्याला म्हणालो, काय युक्ती केलीत! ती खवळली. ‘‘कसली युक्ती? मला खरंच वाटलं आधी पानी घालत्यात.’’ खरं काय ते तिलाच माहीत.

पहाटे उलथन्याने पत्रा बडवून ती पहिल्या पाळीच्या लोकांना उठवायची. आता पत्रा वाजत नाही, आणि मी रोज उशिरा पोहोचतो.

आत्याच्या तेराव्याला विठोबाची चार वर्षांची चिमी पंगतीत हिंडत होती. ‘‘आजी कुटं गेली?’’ पुन्हा सगळे गप्प. चिमी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी घसा खाकरला, तोंड उघडलं... तोवर शकूने तिला उचलून कडेवर घेतलं.

‘‘आजी मेली गं, चिमे. चल, मी सांगते तुला. मामाला नको विचारूस. त्याला माहीत काही नसतं आणि सांगतो मात्र सगळं.’’