मस्टरवर मी हेल्पर

परदेशीपुऱ्यातल्या रेडिमेड कपड्यांच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं ओव्हरलॉक मशीन चालवली आणि तिथल्या हजेरीच्या मस्टरवर सहाही वर्षं मी हेल्पर होते. हेल्पर म्हणजे मदतनीस. मी कोणाला मदत करत होते, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. सकाळी नऊला मशीनवर बसायचे, तीन रिळांचे धागे ओवायचे आणि संध्याकाळपर्यंत लहान मुलींच्या फ्रॉकच्या शिवणी मारत राहायचे. धागा तुटला तर मीच जोडायचा, सुई मोडली तर मीच बदलायची.

मशिनी आठ होत्या. दोनांवर पुरुष, सहांवर आम्ही बाया. तेच कापड, तोच फ्रॉक, तीच शिवण. पण ते दोघे मस्टरवर ऑपरेटर आणि आम्ही सहा जणी हेल्पर. एकच काम करणाऱ्या बाई-पुरुषाच्या पगारात फरक करायचा नाही, असा कायदा होता आणि आमच्या सेठजींना तो पाठ होता. म्हणून त्यांनी कायदा मोडलाच नाही. फक्त आमच्या कामाचं नाव बदलून ठेवलं.

मला हे खुपायचं, पण मी गिळायचे. मग ते वर्ष आलं. मिलचे भोंगे बंद पडले होते. बाबा मिलमध्ये विणकर होते, ते घरी बसले. दिवसभर पेपर वाचायचे आणि त्यात रोज ‘उदारीकरण’ हा शब्द असायचा, तो मोठ्यानं वाचून कपाळाला आठ्या घालायचे. आमच्या कारखान्यातही बाहेरचा स्वस्त माल बाजारात आल्यामुळे ऑर्डरी आटल्या. दिवाळी झाल्यावर सेठजींनी सगळ्यांना जमवून सांगितलं, “पहली तारीख से हेल्पर कम करने पड़ेंगे. मजबूरी है.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. घर माझ्या नोकरीवर चाललेलं. आणि ते दोन ऑपरेटर मजेत! त्यातल्या एकाला तर धागा ओवायला मी शिकवलं होतं.

घरी येऊन मी जाहीर केलं की आम्ही सहा जणी लेबर ऑफिसला अर्ज देणार. बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “पागल झालीस का? बाजार बैठलाय सगळा. अशात बराबरी-फराबरी नको काढू. पहले नौकरी टिकव, कायदा नंतर बघू.”

“कायदा काय सीताफळ आहे का बाबा, सीझनमध्येच यायला?”

आई पोळ्या लाटता लाटता खुदकन हसली. बाबा नाही हसले.

अर्ज मीच लिहिला, हिंदीत; आमच्या शहरात सरकारी कामकाज हिंदीतच चालतं. सहा जणींच्या सह्या घेतल्या. चांगला ठसक्यात लिहिला होता आणि शेवटी एक वाक्य टाकलं होतं, ज्याचा मला फार अभिमान होता: “हम अपना हक माँगते हैं तो मालिक हमारी चेष्टा करते हैं.”

आठेक दिवसांत लेबर इन्स्पेक्टर आले. ते यायच्या अर्धा तास आधी सेठजींना कुठून तरी खबर लागली आणि आमच्याकडे नुसती धावपळ उडाली. “बाइयो, उठो उठो! मशीन के बगल में खड़ी हो जाओ!” आम्ही सहा जणी उभ्या. आमच्या जागी इस्त्रीवाले, पॅकिंगवाले, जो सापडेल त्या पुरुषाला बसवलं. माझ्या मशीनवर बसला तो इस्त्रीवाला भिया, म्हणजे भाऊ, चांगला धिप्पाड होता, पण घामानं नुसता निथळत होता. “बाई, इसमें पाँव किधर रखते हैं?” त्यानं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, “मैं तो हेल्पर हूँ भिया, मेरे को क्या मालूम.” आत मला हसण्याच्या अशा उकळ्या फुटत होत्या की सांगता सोय नाही!

इन्स्पेक्टर साहेब किडकिडीत, चष्मेवाले, तोंडावर हसू नाही. त्यांनी अर्ज बाहेर काढला आणि पहिलाच प्रश्न मला विचारला, “आपने लिखा है, मालिक आपकी चेष्टा करते हैं. चेष्टा करते हैं तो अच्छी बात है. फिर शिकायत क्या है?”

मी ते वाक्य मनात पुन्हा वाचलं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! मी सरकारला लिहून कळवलं होतं की आमचा मालक आमच्यासाठी झटतो. सेठजींचा चेहरा खुलला. माझे कान तापले. “साब, वो मराठी वाली चेष्टा है,” मी कशीबशी म्हणाले, “मतलब मजाक उड़ाते हैं.” साहेबांनी पेनानं तो शब्द खोडला, वर ‘मजाक’ लिहिलं आणि आमच्या मशीनकडे वळले.

त्यांनी मशिनींचे धागे उपसायला लावले. “धागा डालिए,” ते इस्त्रीवाल्याला आणि बाकीच्यांना म्हणाले.

ओव्हरलॉकचा धागा म्हणजे गंमत नाही. आधी वरच्या लूपरचा, म्हणजे फास घालणाऱ्या आकड्याचा, मग खालच्या लूपरचा, शेवटी सुईचा. क्रम चुकला की पहिल्याच टाक्याला तुटतो. इस्त्रीवाल्यानं आधी सुईच ओवली. मग दोन बोटांनी लूपर चाचपडत बसला. पाय दाबला, खट्. पुन्हा ओवलं, खट्. शेजारच्या मशीनवरही खट्, पलीकडेही खट्! साहेबांनी माझ्याकडे बघून मशीनकडे मान हलवली. मी चिमटा उचलला आणि उभ्या उभ्याच, त्या भियाच्या खांद्यावरून वाकून, तिन्ही धागे ओवून दिले. मशीन घरघरत चालू झाली. एक जण मागून “वा बाई!” म्हणाला, आणि तो पॅकिंगवाला होता हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे.

सेठजी हुशार माणूस. त्यांनी नाकारलं नाही काही. हात जोडून म्हणाले, “साब, सच है. पर मंदी देखिए. ये सब कानून अच्छे दिनों के लिए हैं. अभी लगाओगे तो कारखाना ही नहीं बचेगा, फिर किसकी बराबरी?”

साहेब थांबले. चष्मा काढून पुसायला लागले. “बात में दम तो है,” ते पुटपुटले. “मिलें गईं. ये भी गया तो?”

खरं सांगते, मी घाबरले. तो प्रश्न खोटा नव्हता, तो आमच्या घरात रोज पेपर वाचत बसायचा. पण मला राग लवकर येतो आणि रागात मला सुचतंही लवकर.

“साब, दो साल पहले की दिवाली का मस्टर निकालो,” मी म्हटलं. “तब ओवरटाइम चलता था, खाना खाने की फुरसत नहीं थी. देखो, तब हम क्या थे.”

मस्टर आलं. साहेबांचं बोट खाली खाली उतरत गेलं. हेल्पर, हेल्पर, हेल्पर.

“तेजी में हेल्पर, मंदी में भी हेल्पर. तो बराबरी का मौसम कौन सा है, साब?”

साहेबांनी चष्मा परत लावला आणि निरीक्षणाच्या वहीत लिहायला घेतलं. पान उलटून पुढेही लिहिलं. सहाही जणींना ऑपरेटर करायचं आणि माणसं कमी करायचीच असतील तर सगळ्यांत शेवटी लागलेल्याला आधी. सगळ्यांत शेवटी लागला होता त्या दोन ऑपरेटरांपैकी एक, सेठजींचा भाचा. मग कमी करायचं राहूनच गेलं.

चार दिवसांनी कामगाराचं नवं कार्ड हातात आलं. परदेशीपुऱ्याच्या चौकातून मी जवळजवळ धावतच घरी गेले. दारातूनच ओरडले, “ऑपरेटर! बाबा, ऑपरेटर!”

बाबांनी कार्ड घेतलं. उलटं-पालटं करून बघितलं. ते खूश होतील, निदान “मान गए” तरी म्हणतील, असं मला वाटलं होतं. ते आईकडे बघत होते.

आई पूर्वी मिलच्या रीलिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होती, एवढं मला ठाऊक होतं. मी झाले म्हणून तिनं सोडलं, असं घरात सांगत.

“तू झाल्यावर ती परत कामावर लागली होती,” बाबा मला म्हणाले. “तेव्हाही अशीच मंदी आली आणि युनियनची मीटिंग झाली. आधी बायांना कमी करा, म्हणजे मिल वाचेल, असं ठरलं. मी पण हात वर केला होता.”

आईनं त्यांच्या हातातून कार्ड घेतलं. पदराला हात पुसून ते अक्षर अक्षर लावत वाचलं. मग माझ्याकडे नाही, बाबांकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं,

“मग वाचली का हो मिल?”