लाइट गेलेली हळद

वाशिंदला भाचीच्या हळदीत कुणीतरी मंडपामागे डासांसाठी पेंढा पेटवला आणि त्या वासासरशी मी धसईजवळच्या आमच्या अंगणात पोचलो.

तेव्हा धाकट्या बहिणीची, म्हणजे या भाचीच्या आईची, सुमीची हळद होती. घरातला पहिला पदवीधर म्हणून बँजो पार्टी ठरवण्याचा मान माझा होता. मी अर्थातच माझी लाडकी ‘रानपाखरं’ ठरवली. पाहुणे जमले आणि लाइट गेली. बँजो मुका झाला. सुमीची हळद माझ्यामुळे फुकट जाणार होती.

पार्टीचे म्होरके गोमाकाका मात्र म्हणाले, “पेंढा आण रे, ग्रॅज्युएट.” त्यांनी जाळावर हलगी तापवली, टिचकी मारून पाहिली आणि लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण म्हातारीला सांगितलं, “तू गा गो, आमी येतो मागनं.” तिच्या गाण्यामागून हलगी अशी चालली की हळदीने माखलेली सुमीच पाटावरून उठून नाचायला लागली. मला तेव्हा वाटलं, कशीबशी अब्रू वाचली.

भाचीच्या हळदीलाही मी हट्टाने ‘रानपाखरं’च सांगितली. नाव तेच, पण आले ते टेम्पोभर स्पीकर आणि गोमाकाकांचा नातू. त्याने बटण दाबलं आणि हलगी वाजली.

“हिला तापवायला नाय लागत?” मी विचारलं.

“चार्जिंग लागतं, काका,” तो हसला.

पोरं मजेत नाचत होती. मीही चार पावलं नाचलो, पण मन लागेना. तेवढ्यात सुमी जवळ आली. पेंढ्याचा वास तिलाही आला असावा.

“दादा,” ती माझ्या कानाशी ओरडली, “आज लाइट जात कशी नाय रे?”